ऋण मूळ कां खोडावें?

यंदा दहावीच्या मुलांस आम्ही सरावासाठीं एक उदाहरण घातलें होतें. कुपवाडांतील घराची जागा १५० चौरस मीटर. लांबी रुंदीहून ५ मीटर जास्त. तर रुंदी किती? वर्ग पूर्ण केला म्हणजे (रुंदी + २.५) चा वर्ग १५६.२५ येतो. त्याचीं वर्गमुळें दोन, धन १२.५ व ऋण १२.५, म्हणून रुंदी १० किंवा ऋण १५. बहुतेकांनीं ऋण १५ खोडून १० लिहिलें. कारण मात्र एकानेंही दिलें नाहीं. आम्ही प्रत्येकाचा एक गुण कापला.

एक पालक येऊन म्हणाले, "उत्तर बरोबर, मग गुण कां गेला?" आम्ही त्यांच्या मुलासच विचारलें, "कां खोडलेंस?" तो म्हणाला, "सर, ऋण आलें कीं खोडायचेंच असतें." हें त्यानें आमच्याच तोंडून ऐकलें असावें, घाईच्या तासाला फळ्याशीं आम्हीच तसें बोलत आलों आहों!

इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं अशी घाई केली नाहीं. धन राशीस धन व ऋण अशीं दोन वर्गमुळें असतात, हें त्यांनीं 'बीजगणितां'त स्वच्छ सांगितलें आहे. तेथेंच वानरांचीं दोन उदाहरणें आहेत. एकांत, कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनांत खेळतात व १२ टेकडीवर आहेत. तर कळप ४८ किंवा १६. पैकीं १६ हें उत्तर ऋण मूळ घेतल्यावांचून हातीं येतच नाहीं, आणि तें पूर्ण खरें आहे. दुसऱ्यांत, कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करून वर्ग केला, तितके गुहेंत गेले व एक फांदीवर दिसला. उत्तरें ५० व ५. आचार्यांनीं ५ सोडलें. कारण ५ चा पंचमांश १, त्यांतून ३ वानर कसे वजा होणार? म्हणजे निवाडा चिन्हावरून नव्हे, उदाहरणाच्या अर्थावरून केला.

(नुसतें √२५ विचारल्यास मात्र ५ हेंच लिहावें, तें चिन्ह धन मुळाचेंच आहे.)

यापुढें खोडण्याचें कारण एका ओळींत लिहिणारासच आम्ही पूर्ण गुण देऊं. पालकांनींही घरीं तेंच विचारावें. त्या मुलाचा गुण आम्ही परत दिला नाहीं, पण जातांना त्यानें खोडलेल्या आंकड्याकडे पाहून विचारलें, "सर, लांबीही १५ च आहे ना?" आहेच. रुंदी ऋण १५ धरली तर लांबी ऋण १० येते, आणि गुणाकार पुन्हा १५० च.