नुसत्या शाळांनी पगार वाढत नाही



‘शाळा-कॉलेजे काढा, मागास भागातली मजुरी आपोआप वाढेल’ अशा आशयाचे पत्र वाचले. निम्मेच पटले. इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात तेलाच्या पैशातून ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना केली, तेव्हा शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाई साधारण ७ ते १० टक्के वाढलेली दिसली. पत्रलेखक इथेच थांबतात. डुफ्लो यांचाच २००४ मधला लेख सांगतो की, जिथे शिकलेल्या तरुणांचा भरणा झाला, तिथे आधीच्या पिढीची मजुरी मागे पडली. शाळांच्या वेगाने भांडवल आलेच नाही!

आमच्याकडे तरी वेगळे काय? लातूरचा फिटर आणि पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातला फिटर, दोघांकडे आयटीआयचे सर्टिफिकेट सारखेच. पण लातुरात तो गॅरेजात ट्रॅक्टर खोलत बसतो, म्हणून पोरगा पुण्याची एसटी धरतो आणि खोलीचे भाडे, मेसचे पैसे जाऊन उरेल ते घरी पाठवतो. नव्या कॉलेजाला मंजुरी देताना त्या तालुक्याच्या एमआयडीसीत किती प्लॉट रिकामे पडलेत, तेही विचारा की.

– एक वाचक, लातूर