झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. मूठ उघडली तर आत काय आहे, किंवा आत काहीच नाही, हे जगास कळेल. म्हणून ती मिटलेली बरी, असा तिचा भावार्थ. व्यवहारात ही म्हण पुष्कळ उपयोगी पडते. सावकारापुढे, सोयरिकीच्या बोलण्यात किंवा बाजारातील सौद्यात जो आपली नड आधीच बोलून दाखवितो, तो शहाणा गणला जात नाही. परंतु जी म्हण पैशाअडक्यास लागू, तीच मनाच्या दुःखासही लागू पडते काय, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचाच थोडासा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या नांदगावासारख्या गावी हा प्रश्न केवळ वादविवाद सभेपुरता नाही. स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत येथे माणसे एकमेकांस नावानिशी ओळखतात. सकाळी एका घरी घडलेली गोष्ट दुपारपर्यंत चार घरी पोहोचते, आणि वाटेत तिला तिखटमीठ लागते ते वेगळेच. तालुका दुष्काळी, पावसाने ओढ दिली, विहिरीने तळ गाठला, कांद्याचा भाव कोसळला, की घराघरांत विवंचना शिरते आणि थोरांच्या मनातून ती मुलांच्या मनात उतरते. वडिलांच्या डोक्यावरील कर्ज, घरात शिरलेली दारू, आईचे दुखणे, परीक्षेतील अपयश, सोबत्यांनी चालविलेला छळ, असे एखादे ओझे दप्तरासोबत वाहून आणणारे विद्यार्थी कोणत्याही शाळेत आढळतील. ते गप्प राहतात, ते त्यांस बोलता येत नाही म्हणून नव्हे. बोललेला शब्द पुढे कोठे जाईल याचा त्यांस भरवसा नसतो.

मौनाचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाही. घरातील भांडण हे बहुधा एकट्याचे नसते. त्यात आईबापांची, भावंडांची अब्रू गुंतलेली असते, आणि ती उधळण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही. शिवाय, भेटेल त्यास आपले रडगाणे ऐकविणाऱ्याचे दुःख त्यामुळे ओसरते असेही दिसत नाही. उलट लोकांची कीव मिळविण्याची त्यास चटक लागते, आणि कालांतराने ऐकणारेही कंटाळून वाट बदलतात. काही दुःखे अशी असतात की ती मनात ठेवून, काम करीत राहून, प्रार्थनेत देवापुढे मांडूनच जिरवावी लागतात. ज्याने अशी चार दुःखे जिरविली नाहीत, त्याच्या स्वभावास घट्टपणा येत नाही, हेही आम्ही मान्य करितो.

परंतु प्रत्येक दुःख जिरविता येत नाही. काही दुःखे माणसालाच जिरवितात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असे ज्यास म्हणतात, त्यात मारापेक्षा तोंड दाबण्याची वेदना अधिक असते. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षी आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले. त्यांपैकी प्रत्येकाच्या अंतःकरणात काय होते हे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि त्यांतील कित्येकांस वेळेवर विश्वासाचे एक माणूस भेटते, तर ही संख्या काही तरी कमी झाली असती, असे मानावयास हरकत दिसत नाही.

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली सासुरवाशीण सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे हे सर्व ओवीत घालून दळणाबरोबर मोकळे करीत असे. अशा एक लाखांहून अधिक ओव्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अलीकडे संग्रहित झाल्या आहेत. त्या बायकांस मूठ झाकून ठेवण्याचीच शिकवण होती. तरीही मनास वाट हवी, म्हणून त्यांनी ती जात्यापाशी शोधिली. जाते ऐकते आणि कोणास सांगत नाही, हा त्याचा मोठा गुण. पिठाच्या गिरण्या आल्या, तेव्हा बायकांचे कष्ट वाचले हे उत्तमच झाले. पण ती एक हक्काची वेळ त्यांच्या दिवसातून गेली, आणि तिच्या जागी दुसरे काय आले याचा विचार फारसा कोणी केला नाही.

परंतु जात्यास उत्तर देता येत नाही, मदतही करिता येत नाही. त्यासाठी माणूसच लागते. या बाबतीत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी केलेले कार्य आम्हांस अत्यंत मार्मिक वाटते. त्या काळी एखादी विधवा संकटात सापडली, तर तिचे दुःख ऐकावयास सारा गाव मिळून एक मनुष्य नसे. लोकनिंदेच्या भयाने कित्येकींनी स्वतःचा किंवा अर्भकाचा जीव घेतला. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशा अर्थाच्या जाहिराती लावविल्या. त्यांनी त्या स्त्रियांस धीट होऊन जगापुढे बोला असा उपदेश केला नाही. तुमची गोष्ट आमच्यापाशी राहील, एवढीच हमी दिली. तेथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. सांगावयास एक सुरक्षित जागा मिळाली, एवढ्यानेच एक आयुष्य वाचले आणि त्याने पुढे अनेकांची सेवा केली.

आपल्याच नाशिक जिल्ह्यातील दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. जलालपूर येथे १८६८ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्या घरावर केवढा प्रसंग ओढवला असेल याची कल्पनाच करावी. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे संसार पुन्हा जुळला. हे सर्व, पतीच्या तापट स्वभावासह आणि घरातील दारिद्र्यासह, लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मोकळेपणे सांगितले. पण त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ साली, म्हणजे त्या प्रसंगास जवळजवळ चाळीस वर्षे लोटल्यावर. तोवर जखमेवर खपली धरली होती आणि तिच्याकडे पाहून त्यांस हसताही येत होते. जगास सांगावयाचे ते असे, सावकाशीने. ओल्या जखमेचे सांगणे मात्र जगास नव्हे, एका माणसास करावयाचे असते. या दोहोंत आपण घोटाळा करितो, म्हणून एक तर काहीच बोलत नाही, नाही तर सर्वांसमक्ष बोलून मागाहून पस्तावतो.

मग ते एक माणूस ओळखावे कसे? आमच्याकडील शेतकऱ्यांस एक रीत ठाऊक आहे. पुष्कळ दिवस न वापरलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी ते दोरीने कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर आतील हवा वाईट, खाली उतरावयाचे नाही. माणसाच्या बाबतीतही हेच करावे. प्रथम एखादी लहानशी गोष्ट सांगावी आणि ती दुसऱ्या कानी जाते की काय ते पाहावे. जो आपल्यापाशी तिसऱ्याची गुपिते फोडतो, तो आपलेही फोडील, हे निश्चित समजावे. मित्रापेक्षा पुष्कळदा आई, मावशी, थोरला भाऊ किंवा एखादे शिक्षक अधिक विश्वासाचे ठरतात, कारण त्यांनी जग पाहिलेले असते. आणि ज्यास ओळखीचे कोणीच नको, त्याच्यासाठीही आता सोय आहे. मनाच्या त्रासाविषयी बोलण्यास १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. त्या ठिकाणी आपले गाव व आपले घराणे विचारून पाठीमागे हसणारे कोणी बसलेले नाही.

येथवर सांगणाऱ्याचा विचार झाला. परंतु आमच्या मते खरा भार ऐकणाऱ्यावर आहे. पवित्र शास्त्रातील ईयोबाची कथा आपण शिकलो आहोत. सर्वस्व गेलेल्या ईयोबास भेटावयास त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाही. तोवर ते खरे मित्र होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि तुझेच काही पाप असले पाहिजे असा वाद मांडला, तेव्हा त्यांनी त्याच्या दुःखात भरच घातली. आपणही बहुधा आठव्या दिवसापासूनच आरंभ करितो. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने कॅथलिक जनांस वर्षातून एकदा पापनिवेदन आवश्यक ठरविले, त्याच नियमात ऐकलेली गोष्ट फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून मठात जन्मभर प्रायश्चित्त घ्यावयास लावावे असेही सांगितले. ज्यांनी बोला म्हणून सांगितले, त्यांनी ऐकणाऱ्याची जीभही बांधून ठेविली.

या नियमास एक अपवाद मात्र सोडला पाहिजे. जेथे कोणाच्या जिवास धोका आहे, किंवा कोणी मोठा मनुष्य मुलावर अत्याचार करून 'कोणास सांगू नकोस' असे धमकावीत आहे, तेथे गुप्तता हा सद्गुण उरत नाही. ती अपराध्याची ढाल होते. अशा वेळी जबाबदार वडील माणसास सांगितलेच पाहिजे. मुलांच्या लैंगिक छळाच्या बाबतीत तर ते पोलिसांस कळविणे २०१२ च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यात त्याची लाज नाही, हे आपल्या विद्यार्थिबंधुभगिनींनी पक्के ध्यानी धरावे.

तात्पर्य, मूठ चव्हाट्यावर उघडू नये, पण ती आवळून बोटे बधिर होईपर्यंत धरूनही ठेवू नये. आपल्या वर्गात कोणी अलीकडे अबोल झाला असेल, डबा न खाता बसत असेल, किंवा अभ्यासातून त्याचे मन उडाले असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसावे. कारण विचारण्याची घाई करू नये. तो बोललाच तर ते ऐकावे, आणि घरी जाताना फाटकापाशी उभ्या असलेल्या सोबत्यांस त्यातील एक अक्षरही सांगू नये. एवढे ज्यास साधेल, त्याच्यापाशी बोलावयास माणसे आपण होऊन येतील.