फाइल नव्या घरी, परवानगी जुन्याच दारात

सुमारे 12 लाख सरकारी कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेले. मग करंजाडेतल्या एखाद्या सोसायटीनेही गूगल ड्राइव्ह सोडायचं ठरवलं तर?

गूगल टेकआउटने फाइल्स उतरवता येतात, पण कोणाला काय दिसेल ही यादी आपोआप लागू होत नाही. ती नव्या ठिकाणी पुन्हा करावी लागते. हे फार तर कंटाळवाणं काम. धोका वेगळाच आहे: टेकआउट फक्त प्रत काढतं, मूळ फाइल ड्राइव्हवर तशीच राहते. भाडेकरूंच्या आधार कार्डांचा फोल्डर 'लिंक असलेल्या कोणालाही' खुला असेल, तर फ्लॅट सोडून गेलेला माणूसही तो उघडू शकतो. म्हणून आधी जुनी लिंक बंद करायची. आणि फोल्डर माजी सेक्रेटरींच्या खात्यावर असेल, तर तो कायमचा काढायला आधी त्यांनाच गाठावं लागेल.