परदेशातले बँक खाते हाही चळवळीचाच प्रश्न आहे



आपल्या परभणी जिल्ह्यातून एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की वस्तीत काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. विहारात सत्कार होतो. चौकात बॅनर लागतो. ज्यांच्या आजोबांनी सालगडी म्हणून राबून आयुष्य काढले, त्यांचा नातू लंडनला किंवा बर्लिनला चालला, याचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र आमचा आजचा मुद्दा सत्कारानंतरचा आहे. विमान उतरल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यात या मुलामुलींचे काय होते, यावर आपण कधी बोलतच नाही. त्या दिवसांत सगळे अडते ते एका साध्या गोष्टीवर. तिथल्या बँकेतल्या खात्यावर.

बँक खाते ही काय लेख लिहायची गोष्ट आहे का, असे काहींना वाटेल. म्हणून आधी हे चक्र नीट समजून घेऊ. ब्रिटनचे उदाहरण घ्या. बँक खाते उघडायला गेलात की पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा मागतात. पत्त्याचा पुरावा हवा तर नावावर भाडेकरार हवा. भाडेकरार हवा तर घरमालक अनामत आणि भाडे बँकेतून मागतो, शिवाय तिथलाच जामीनदार मागतो. घर नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून घर नाही. आठवड्याला काही तासांचे काम मिळाले तरी पगार खात्यातच येणार. शिष्यवृत्तीचा भत्ता तिथे यायचा तोही खात्यातच. म्हणजे खाते उघडेपर्यंत मुलगा त्या देशात असतो, पण त्याचा व्यवहार सुरूच झालेला नसतो.

आता या चक्रातून कोण लवकर सुटते ते पाहा. ज्याचा मामा लेस्टरला आहे आणि मावसबहीण न्यू जर्सीला आहे, त्याला पहिला महिना राहायला खोली मिळते, जामीनदार मिळतो, मामाच्या कार्डावर खर्च भागतो. खाते उघडायला महिना लागला तरी त्याचे काही बिघडत नाही. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सामाजिक भांडवल म्हटले. माणसाची ओळखपाळख, नातीगोती हीसुद्धा पैशासारखीच कामाला येणारी पुंजी असते, असे त्याचे म्हणणे. भारतात ही पुंजी जातीजातीने वाटली गेली. ज्यांच्या पिढ्या आधी शिकल्या त्यांचे नातेवाईक आधी परदेशी गेले. सोनपेठ, पालम, जिंतूर तालुक्यातल्या आपल्या खेड्यांतून जाणारी पोरे बहुतेक वेळा घराण्यातली पहिलीच असतात. गुणवत्तेत ती कुठे कमी नसतात. पण विमानतळावर घ्यायला येणारा मामा त्यांना नसतो.

त्यात घर शोधायचे म्हटले तर भारतीय विद्यार्थ्यांचे गट आणि खोल्यांच्या जाहिराती आड येतात. 'फक्त शाकाहारी' या दोन शब्दांचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मग चौघांच्या खोलीत पाचवा म्हणून राहायचे. भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर, विजेचे बिल तिसऱ्याच्या नावावर. पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून?

आणखी एक अडचण खास आपल्याकडची आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे. गावाकडचा पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका. घराला क्रमांक असतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, दारावर नसतो. परदेशी बँकेचा अर्ज मात्र घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव मागतो. नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर संगणक अर्ज नाकारतो. संगणकाला जात कळत नाही हे खरे. पण कागदपत्रे नीट राखण्याची सवय आणि सोय कोणत्या घरांना मिळाली, हा प्रश्न जातीपासून वेगळा करता येत नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे या अंगाने पाहा. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बुद्धी तीच होती, ग्रंथालय तेच होते, पैसा थांबला आणि शिक्षण थांबले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले. तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, असे सगळे जुळवावे लागले. ज्या माणसाने पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून पौंड आणि रुपयाच्या व्यवहाराची चिरफाड केली, त्यालाही स्वतःच्या शिक्षणासाठी पौंड कमी पडले. विद्यार्थ्याच्या हातात पैसा वेळेवर पडणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हे या इतिहासातून शिकायचे.

आता सरकारकडे वळू. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांची, त्यातल्या ११५ जागा अनुसूचित जातींच्या. या योजना उपकार नव्हेत, आपला हक्क आहेत. म्हणूनच त्यांच्या अंमलबजावणीवर बोलले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच आधी तात्पुरती पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर बघू, असे सांगण्यात आले. भत्त्याचे हप्ते रखडल्याच्या तक्रारीही विद्यार्थ्यांनी परदेशातून वेळोवेळी जाहीरपणे केल्या आहेत. ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता बराच काळ वर्षाला ९,९०० पौंड होता, म्हणजे महिन्याला ८२५. तिथले सरकार मात्र व्हिसा देताना लंडनमध्ये राहायला महिन्याला दीड हजार पौंडांच्या आसपास लागतात असे धरते. इतक्या ताणलेल्या हिशोबात पहिला हप्ता उशिरा आला आणि खातेही उशिरा उघडले, तर त्या पोराने खायचे काय?

खाते हा हक्क आहे, हे जगाने मान्य केले आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रत्येकाला मूलभूत खाते मिळावे असा निर्देश काढला. जर्मनीने २०१६ पासून तो लागू केला, अगदी बेघर आणि आश्रय मागणाऱ्यांसाठीसुद्धा. ब्रिटनमध्ये सरकारने नेमून दिलेल्या मोठ्या बँकांवर विनाशुल्क मूलभूत खाते देण्याचे बंधन आहे. कॅनडात नोकरी नाही किंवा भरायला पैसे नाहीत, एवढ्या कारणावरून बँक खाते नाकारू शकत नाही. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते आणले. पण हक्क ठाऊक असल्याशिवाय तो मागता येत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, इथे अत्याचार होत आहेत, संविधानावर घाला येतो आहे, आरक्षण पोखरले जात आहे, अशा वेळी मूठभर परदेशी जाणाऱ्यांची कसली चिंता? आम्ही याच परभणीत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना आणि सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीतला मृत्यू आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो लढा मोठाच आहे. पण तो लढा न्यायालयात, संसदेत आणि जगाच्या व्यासपीठावर न्यायला शिकलेली माणसे लागतात. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून काय घेऊन आले, ते आपल्यासमोर आहे. मूठभर जातात, म्हणून तर त्यातला एकही गळता कामा नये. शिवाय हीच अडचण पालमहून पुण्याला कामाला जाणाऱ्या तरुणाची आहे, आखातात जाणाऱ्या मजुराचीही आहे. घर सोडलेल्या माणसाला नव्या जागी पत ठरवून द्यायला कुणीतरी लागते. हे कुणीतरी म्हणजे आपली संघटना व्हायला हवी.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, निवड झालेल्या विद्यार्थ्याला निघण्यापूर्वीच किमान तीन महिन्यांचा निर्वाह भत्ता परकीय चलनाच्या कार्डावर द्यावा. तिथले खाते उघडण्याची वाट पाहत पहिला हप्ता अडता कामा नये. दोन, समाजकल्याण आयुक्तालयाने शिष्यवृत्तीचे पत्र इंग्रजीत, दरमहाच्या रकमेसह द्यावे, म्हणजे ते बँकेला आणि घरमालकाला दाखवता येईल. तीन, बार्टीने निघण्यापूर्वीचे प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि त्यात बँक, भाडेकरार व विम्याचा पूर्ण दिवस ठेवावा. चार, लंडनमधले किंग हेन्री रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. त्या घराच्या नावाने सरकारने निदान एक मार्गदर्शन कक्ष चालवावा. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात फोन करायला एक नंबर तरी असावा.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर जाणाऱ्यांनी काही गोष्टी आजच ध्यानात घ्याव्यात.

पासपोर्टवर जसे नाव आहे तस्सेच विद्यापीठाच्या आणि बँकेच्या अर्जात लिहा. स्पेलिंगचा घोळ असेल तर निघण्याच्या सहा महिने आधी इथेच निस्तरा.

ब्रिटनमध्ये प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून बँकेसाठीचे पत्र मागा. नाव, अभ्यासक्रम, तिथला आणि घरचा पत्ता त्यात असतो आणि अनेक बँका ते पत्त्याचा पुरावा म्हणून घेतात. तिथे व्हिसाचे प्लास्टिकचे कार्ड २०२४ अखेर बंद झाले, आता व्हिसा ऑनलाइन असतो. त्याचे लॉगिन निघण्यापूर्वी चालू करून घ्या. दरमहा शुल्क लावणारे खाते गळ्यात मारले जात असेल तर नाही म्हणा. एका बँकेने नाकारले तर कारण विचारा, दुसरीकडे जा, मूलभूत खाते नाव घेऊन मागा.

जर्मनीला जाणाऱ्यांना व्हिसासाठी बहुधा आधीच अडकवून ठेवलेले खाते उघडावे लागते. २०२४ पासून त्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. शिष्यवृत्तीचे पत्र त्याऐवजी चालते का, हे वकिलातीला आधी विचारा. तिथे पोचल्यावर पहिले काम महापालिकेत पत्ता नोंदवण्याचे. त्या कागदाशिवाय पुढचे बरेच काही अडते.

इथले खाते विसरू नका. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरतो, त्यामुळे बँकेला कळवून साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. खात्याला जोडलेले सिमकार्ड चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

आणि शेवटची गोष्ट, सर्वांत गंभीर. थोडे कमिशन देतो, तुझ्या खात्यातून आमचे पैसे जाऊ दे, असे सांगणारे लोक नव्या विद्यार्थ्यांना गाठतात. हा काळा पैसा फिरवण्याचा धंदा आहे. ब्रिटनमध्ये यात नाव आले तर खाते बंद होते आणि फसवणुकीची नोंद सहा वर्षांपर्यंत राहू शकते. खटला झाला तर शिक्षणही गेले. पोट कितीही रिकामे असले तरी आपले खाते आणि कार्ड कुणाच्या हातात देऊ नका. गरज पडली तर आपल्या माणसांकडे मोकळेपणाने मागा.

ही आपली माणसे तिथे आहेत. ब्रिटनमध्ये आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांचा महासंघ आहे, अमेरिकेत आंबेडकर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका आहे. अनेक शहरांत विहार आहेत. परभणी, सेलू, गंगाखेड, पूर्णा इथल्या जयंती समित्यांनी आणि युवक मंडळांनी या संघटनांशी आतापासून संपर्क ठेवावा. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी ठराविक रक्कम बाजूला काढून 'पहिला महिना निधी' उभा करावा. परदेशी जाणाऱ्याला तो उसना द्यावा आणि तिथे स्थिरावल्यावर त्याने तो पुढच्यासाठी परत करावा. आधी गेलेल्या प्रत्येकाने नंतर येणाऱ्या एकाचा जामीनदार व्हावे, निदान पहिले पंधरा दिवस त्याला घरी ठेवून घ्यावे.

येत्या १४ एप्रिलच्या तयारीची बैठक तुमच्या वस्तीत लागेल, तेव्हा डीजे आणि कमानीच्या खर्चाबरोबर हाही विषय मांडा. मामा नसलेल्या पोरांचा मामा व्हायचे की नाही, ते त्या बैठकीत ठरवा.

जय भीम. जय संविधान.