संमतीवाचून आकारणी नको : ब्रॉडबँड ग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
ग्राहक सेवा व बिलिंग विभागप्रमुख,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात घरगुती ब्रॉडबँड सेवा देणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : बिलांतील अनपेक्षित व विवादित आकारणीबाबत

महोदय/महोदया,

या परिसरातील गृहनिर्माण संस्थांमधल्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. बिलात अचानक आलेल्या रकमांबद्दल आमच्या सभासदांनी कॉल सेंटरला फोन केले, ईमेल पाठवले, कार्यालयात खेटे घातले. दर वेळी उत्तर नवे मिळाले. शेवट मात्र बहुधा एकच झाला : आधी बिल भरा, मग बघू. एकेकट्या ग्राहकाने वाट पाहण्याचा काळ संपला आहे. यापुढे संघटना बोलेल.

वापरलेल्या सेवेचे पैसे देण्यास एकही सभासद नकार देत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, बिलात जो रक्कम लावतो त्यानेच ती रास्त असल्याचे दाखवावे. प्लॅनचा तपशील, संमतीची नोंद, वापराचा हिशेब, कॉलचे ध्वनिमुद्रण हे सारे कंपनीच्या ताब्यात असते. ग्राहकाच्या हाती फक्त बिल असते. अशा स्थितीत पुरावा ग्राहकाकडे मागणे अन्यायाचे आहे. पुढील सर्व मागण्या या एका तत्त्वावर उभ्या आहेत.

१. जाहिरातीतली किंमत आणि बिलातली रक्कम
६९९ रुपयांचा म्हणून विकलेला प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ८२४ रुपये ८२ पैशांना पडतो. कराबद्दल आमची तक्रार नाही. तो बारीक अक्षरांत ठेवला जातो, आणि जोडणी शुल्क, राउटरचे भाडे, अनामत या गोष्टी पहिल्या बिलातच कळतात, ही तक्रार आहे. किंमत अशी टप्प्याटप्प्याने उघड करण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.
मागणी : जोडणी देण्यापूर्वी एका पानाचे मराठी दरपत्रक द्यावे. त्यात पहिल्या बिलाची, दुसऱ्या बिलापासूनची आणि सवलत संपल्यानंतरची रक्कम करांसह लिहावी. त्या पानावर नसलेली रक्कम बिलात लावू नये.

२. न मागितलेल्या सेवा
चित्रपट-मालिकांचे ॲप, अँटिव्हायरस, वेगाचा वरचा प्लॅन अशा सेवा काही काळ मोफत म्हणून सुरू होतात आणि पुढे त्यांचे पैसे बिलात लागतात. ग्राहक गप्प राहिला, एवढ्यावर त्याची संमती गृहीत धरली जाते. मोबाईलवरील मूल्यवर्धित सेवांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१३ मध्येच ग्राहकाच्या दुहेरी संमतीची अट घातली. घरगुती ब्रॉडबँडच्या ग्राहकाला तेवढेही संरक्षण न देण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.
मागणी : प्रत्येक जादा सेवेसाठी ओटीपीने स्वतंत्र संमती घ्यावी. मोफत काळ संपण्यापूर्वी ७ दिवस संदेश पाठवावा आणि होकार न आल्यास सेवा बंद करावी. संमतीची नोंद दाखवता आली नाही, तर सेवा सुरू झाल्यापासूनची पूर्ण रक्कम परत करावी.

३. विवादित रक्कम बाजूला ठेवणे
बिलातल्या एका रकमेवर हरकत घेतली की संपूर्ण बिल थकीत धरले जाते. विलंब शुल्क लागते, वसुलीचे फोन येतात आणि अखेर जोडणी तोडली जाते. घरातल्या एकाची नोकरी आणि दुसऱ्याची परीक्षा त्याच जोडणीवर चालते, हे कंपनीला ठाऊक असते. म्हणूनच हा दबाव परिणामकारक ठरतो, आणि म्हणूनच तो गैर आहे.
मागणी : तक्रार नोंदवताच विवादित रक्कम वेगळी काढावी. ग्राहकाने उरलेली रक्कम मुदतीत भरली असेल, तर निकाल लागेपर्यंत जोडणी तोडू नये, विलंब शुल्क लावू नये, वसुलीचा फोन करू नये. ऑटो-डेबिटपूर्वी किमान २४ तास सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहेच. त्या सूचनेत रकमेची फोड द्यावी आणि विवादित रक्कम खात्यातून कापू नये.

४. तक्रारीचा निकाल
तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकरण अशा दोन पातळ्या ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनी घालून दिल्या आहेत. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. प्रत्यक्षात तक्रार क्रमांक मिळतो आणि 'तक्रार निकाली' असा संदेश येतो, पण निर्णय काय झाला हे त्यात नसते. कारणे कळल्याशिवाय अपील कशावर करायचे, हा सभासदांचा प्रश्न आहे.
मागणी : ७ कामकाजाच्या दिवसांत आकारणीचा आधार लेखी कळवावा. चार आठवड्यांत सकारण निर्णय द्यावा आणि त्यातच अपिलाची मुदत व पत्ता लिहावा. ग्राहकाच्या बाजूने निर्णय झाल्यास रक्कम ७ दिवसांत वळती करावी. मुदतीत निर्णय न झाल्यास ती आकारणी रद्द समजावी.

५. बंद सेवेचे भाडे
रस्ता खोदताना केबल तुटते, सेवा आठवडाभर बंद राहते, बिल मात्र पूर्ण महिन्याचे येते. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांनी यावर सूट ठरवली होती : बिघाड ३ कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहिल्यास ७ दिवसांच्या, ७ दिवसांहून अधिक राहिल्यास १५ दिवसांच्या आणि १५ दिवसांहून अधिक राहिल्यास एका महिन्याच्या किमान भाड्याइतकी.
मागणी : या प्रमाणाहून कमी नसलेली सूट ग्राहकाने अर्ज न करता पुढच्या बिलात आपोआप द्यावी.

६. जोडणी बंद केल्यानंतरची बिले
घर बदलताना ग्राहक जोडणी बंद करतो. तंत्रज्ञ राउटर घेऊन जातो, पावती देत नाही. नंतर काही महिन्यांची थकबाकी, उपकरणाची किंमत आणि वकिलाची नोटीस येते. अनामत मात्र अडकून राहते.
मागणी : बंद करण्याच्या विनंतीची पोच त्याच दिवशी द्यावी आणि आकारणी त्या तारखेला थांबवावी. उपकरण नेताना अनुक्रमांकासह पावती द्यावी. अनामत ३० दिवसांत परत करावी. स्थानिक केबलचालकामार्फत रोखीने होणाऱ्या प्रत्येक वसुलीलाही कंपनीच्या नावाची पावती असावी.

या मागण्या व्यवहार्य आहेत. ओटीपी, संदेश, तक्रार क्रमांक, ऑनलाइन खाते ही साधने कंपन्या रोज वापरतात. थकबाकीची आठवण ठरल्या दिवशी पाठवणारी यंत्रणा विवादित रक्कम वेगळी दाखवू शकते. ज्या कंपनीची आकारणी संमतीने आणि नोंदीनिशी होते, तिला यातून कोणताही तोटा नाही.

संघटनाही आपली बाजू पाळेल. आकारणी योग्य असल्याचे नोंदींनी सिद्ध झाले, तर सभासद ती ७ दिवसांत भरेल. आधाराशिवाय केलेल्या तक्रारीला संघटना पाठिंबा देणार नाही. प्रत्येक तक्रारीसोबत बिल, भरणा आणि तक्रार क्रमांक यांच्या प्रती आम्ही देऊ.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत निर्णयाधिकार असलेल्या अधिकाऱ्यासह बैठक घ्यावी आणि ३० दिवसांत प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास सभासद १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी नोंदवतील, अपिले दाखल करतील आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातील. या कायद्यातील 'सेवा'च्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. त्याची तयारी आम्ही सुरू केली आहे.

बैठकीतून प्रश्न सुटावा, हीच आमची पहिली पसंती आहे. मात्र पुढचे विवादित बिल येईल तेव्हा त्याचा आधार ग्राहकाआधी कंपनीला द्यावा लागेल, ही व्यवस्था आम्हाला लेखी हवी आहे.

आपले,
अध्यक्ष व कार्यवाह
(कार्यकारी समितीच्या वतीने)

प्रत : मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, पुणे