छातीतील आजार आणि घरातील मौन



गेल्या पावसाळ्यात उचगावातील एका घरी आजाऱ्याला भेटावयास गेलो असता थोरल्या मुलाने मला उंबऱ्याबाहेरच गाठले. "फादर, बाबांना काही बोलू नका. त्यांना क्षय झालाय असंच आम्ही सांगितलंय." आत वडील उशीला टेकून बसले होते. मुलगा चहा आणावयास वळताच ते म्हणाले, "फादर, हा क्षय नव्हे हे मला ठाऊक आहे. पोरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलोय." बाप मुलांना जपत होता, मुले बापाला, आणि पुढे काय करावे हे कोणीच कोणास विचारीत नव्हते.

क्षयाचे नाव मुलाने उगाच घेतले नव्हते. छातीच्या फोटोत डाग दिसताच बेडका न तपासता त्यांना क्षयाची औषधे देण्यात आली होती, आणि त्यात तीन महिने गेले. आपल्याकडे क्षय फार, म्हणून ही गफलत वारंवार होते. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत व औषधांनी उतार पडला नाही, तर पुढील तपासणी मागावी. तीन आठवडे न हटणारा खोकला, थुंकीत रक्त, बसलेला आवाज, कारणाविना घटणारे वजन, ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

त्या घरी सीटी स्कॅन झाले होते. पण तुकडा काढू देण्यास मंडळी तयार नव्हती. 'सुई लावली की रोग पसरतो' ही समजूत मी अनेक घरांत ऐकली आहे. ती खरी नव्हे. तुकडा तपासल्यावाचून रोगाची जात कळत नाही, आणि जात कळल्यावाचून औषध ठरत नाही. शंभरातील सुमारे पंधरा रुग्णांत लहान पेशींचा कर्करोग असतो. तो झपाट्याने पसरतो, औषधांनी लवकर आटोक्यात येतो, पण बहुधा उलटतो. उरलेल्यांत रोग फुफ्फुसापुरताच असेल तर शस्त्रक्रियेने तो समूळ जाण्याची आशा असते. जवळच्या गाठींत शिरला असेल तर किरणोपचार व केमोथेरपी यांची जोड देतात. दूरवर पसरला असेल तर तो सहसा बरा होत नाही. मात्र तुकड्याच्या जनुकीय तपासणीत ठरावीक बदल आढळल्यास नुसत्या गोळ्यांवर काही वर्षेही मिळू शकतात. असा बदल बिडी न ओढणाऱ्यांत अधिक आढळतो. होय, न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो; चुलीचा धूरही निरुपद्रवी नाही.

तरी तंबाखूचे नाव टाळता येत नाही. धूम्रपानाचा व या रोगाचा संबंध १९५० साली डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनी दाखविला. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा भ्रम आहे. बोलताना मलाही संकोच वाटतो, कारण निपाणीच्या वखारींवर आणि बिड्या वळणाऱ्या हातांवर कितीतरी चुली पेटल्या. तंबाखूच्या रास्त भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी तेथे महामार्ग अडविला होता. त्या कष्टाला दोष देण्याचा माझा हेतू नाही.

उपचारासाठी पूर्वी मुंबईच्या परळला, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात जाण्यावाचून गत्यंतर नसे असे जुनी मंडळी सांगतात. आता बेळगावातच के.एल.ई. संस्थेचे कर्करोग रुग्णालय आहे. ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे उद्घाटन केले. शेत गहाण टाकण्यापूर्वी सरकारी आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी.

आणखी एक गोष्ट. वेदनाशमनाचा उपचार अखेरच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये. बॉस्टन येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पसरलेल्या रोगाच्या ज्या रुग्णांना तो आरंभापासून मिळाला ते अधिक सुखाने, आणि सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. अभ्यंगसंस्काराचेही तेच. तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. फादरांना घरी पाहून आजारी माणूस घाबरावा, इतका उशीर कशाला?

त्या दिवशी चहा थंड झाला. मुलाला मी आत बसविले व वडिलांना, त्यांना काय ठाऊक आहे ते सांगावयास विनविले. बराच वेळ दोघे रडले. मग वडिलांनी विचारले, "तपासणी कुठे करायची?"

गोळ्यांचा तो बदल त्यांच्यात आढळला नाही. केमोथेरपी चालू आहे. डॉक्टरांनी काळाविषयी स्पष्ट सांगितले असून त्यांनी ते ऐकून घेतले आहे. बरे वाटेल त्या रविवारी ते मिस्सेला येतात, दाराजवळच्या बाकावर बसतात.