पुनर्विकासाच्या करारात गाडीची जागा

पुण्याच्या रविवार पेठेत, भवानी पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यालगतच्या गल्ल्यांत खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा रचनेचे वाडे आता झपाट्याने कमी होत आहेत. लाकडी जिने झिजले, पावसाळ्यात भिंतींचा भरवसा उरला नाही आणि एका वाड्यात तीन पिढ्यांची वाटणी मावेनाशी झाली. त्यामुळे बहुतेक कुटुंबांसाठी पुनर्विकास ही हौस राहिलेली नसून गरज झाली आहे. विकासकाशी बोलणी सुरू झाली की घरातील वडीलधारी मंडळी चटई क्षेत्र, मधल्या काळाचे भाडे आणि ताब्याची मुदत यांचा पै-पैचा हिशेब मांडतात. गाडीच्या जागेचा विषय मात्र ‘ते नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवला जातो. ताबा मिळाल्यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत पहिला वाद उभा राहतो तो बहुधा याच विषयावरून.

वादाचे मूळ साध्या अंकगणितात आहे. एका मोटारीला उभे राहण्यासाठी साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. दहा मोटारींना १२५ चौरस मीटर झाले. त्यात गाडी आत आणण्याची आणि वळवण्याची वाट धरली की हा आकडा दुपटीच्या घरात जातो. पेठेतील भूखंड मुळात चिंचोळे असतात. शिवाय रस्त्याकडेच्या तळमजल्यावर दोघांचा डोळा असतो. व्यापाऱ्याला तेथे दुकान हवे असते आणि वर राहणाऱ्यांना वाहनतळ. दुकानाच्या गाळ्याला सर्वाधिक भाव येत असल्याने माघार बहुधा वाहनतळालाच घ्यावी लागते. जेथे पूर्वी आठ कुटुंबे राहत, तेथे वीस-पंचवीस कुटुंबे येतात. समोरची गल्ली मात्र होती तेवढीच राहते.

बांधकामाचे नियम या प्रश्नाची दखल घेतात, पण तो पुरता सोडवत नाहीत. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. किती बांधकाम करता येईल, हे तीत मोठ्या प्रमाणावर समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. वाहनांसाठी किती जागा सोडायच्या, हे सदनिकांच्या आकारावर अवलंबून असते. लहान सदनिकांच्या बाबतीत प्रत्येक घरामागे एक मोटार असे प्रमाण नसून अनेक घरांत मिळून एक असे असते. म्हणून नकाशा मंजूर झाला याचा अर्थ प्रत्येक बिऱ्हाडाला मोटारीची जागा मिळाली, असा होत नाही. आपल्या वाट्याला काय येणार, हे करारातच पाहावे लागते.

करार वाचताना कायद्याची थोडी ओळख उपयोगी पडते. इमारतीखालची स्टिल्टची किंवा उघडी जागा स्वतंत्र सदनिकेप्रमाणे विकण्याचा अधिकार विकासकाला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतील एका प्रकरणात जुन्या मोफा कायद्याच्या आधारे दिला. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्याने उघड्या वाहनतळाचा समावेश सामाईक क्षेत्रात केला. महारेराने २०२१ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की उघड्या जागेचा मोबदला घेता येणार नाही. छताखालची जागा मात्र करारात नोंदवून मोबदल्यासह देता येईल. एप्रिल २०२४ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले. अशा जागेची लांबी, रुंदी, उंची आणि तिचे नेमके ठिकाण करारासोबतच्या परिशिष्टात नमूद करणे बंधनकारक झाले. कागदावर जागा मिळाली, पण मध्ये खांब आल्याने मोटारीचे दारच उघडत नाही, अशा प्रसंगी हे परिशिष्ट कामी येते.

इमारतीची मालकी कोणत्या पद्धतीची होणार, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. पुण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जोडीने १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील ‘काँडोमिनियम’ही मोठ्या संख्येने आहेत. सहकारी संस्थेत विकल्या न गेलेल्या जागांचे वाटप संस्था करते आणि जागांपेक्षा मागणी जास्त झाल्यास सोडत काढण्याची तरतूद आदर्श उपविधींमध्ये आहे. काँडोमिनियममध्ये मात्र सारी भिस्त नोंदणीकृत घोषणापत्रावर असते. कोणते क्षेत्र सर्वांचे सामाईक आणि कोणते ठरावीक सदनिकांपुरते मर्यादित, हे त्या दस्तात लिहिलेले असते. गाडीची एखादी जागा मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून विशिष्ट सदनिकेच्या नावे नोंदली गेली की पुढे बैठकीत कितीही चर्चा झाली तरी ती नोंद सहजी बदलत नाही. ज्या कुटुंबांनी घोषणापत्राचा मसुदा वाचलेलाच नसतो, त्यांना हे उशिरा कळते. वाड्यातील जुन्या भाडेकरूंना याची झळ अधिक बसते. त्यांच्या पर्यायी जागेच्या करारात चौरस फूट असतात. गाडीच्या जागेचा उल्लेखच नसतो.

जागेची चणचण भागवण्यासाठी आता यांत्रिक वाहनतळाचा पर्याय सर्रास पुढे येतो. दोन-तीन मजली सांगाड्यात गाड्या एकावर एक चढवल्या जातात, त्यामुळे मंजुरीपुरता आकडा जुळतो. रोजच्या वापरातील अडचणी वेगळ्याच असतात. वरची गाडी काढायची तर खालची हलवावी लागते. सकाळी सातला शाळेची घाई आणि दहाला दुकाने उघडण्याची वेळ, अशा दोन्ही वेळी रांग लागते. वीज गेली की जनित्रावर अवलंबून राहावे लागते, खड्डा असल्यास पावसाळ्यात पाणी उपसावे लागते आणि उंच किंवा जड मोटार त्या चौकटीत बसतेच असे नाही. देखभालीचा वार्षिक खर्च निघतो तो वेगळाच. यंत्र बंद पडले किंवा त्याचा कंटाळा आला की गाड्या गल्लीत येतात.

गल्लीत आलेली गाडी व्यापाऱ्याच्या धंद्याच्याच आड येते. पुण्यात सम-विषम तारखांनुसार पी-वन, पी-टू अशी आळीपाळीने एका बाजूला वाहने लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे एका दिवशी गल्लीची एकच बाजू हाती असते. तेथे दुकानदाराने स्वतःची गाडी सकाळी दहाला लावून रात्री आठला काढली, तर ती जागा दहा तास अडते. खरेदीला आलेला ग्राहक अर्धा तास थांबतो असे धरले, तर त्याच जागेवर दिवसभरात वीस ग्राहकांची सोय झाली असती. रविवार पेठेसारख्या घाऊक बाजारात मालाचा टेम्पो उभा करण्याची अडचण आणखी निराळी. नव्या इमारतीच्या नकाशात माल उतरवायला आवाराच्या आत जागा ठेवण्याचे फारच थोड्यांना सुचते.

पायी चालणाऱ्यांचे हाल सर्वांत अधिक होतात. पहाटे मंदिरात किंवा स्थानकात जाणारे वृद्ध, चातुर्मासात गोचरीसाठी अनवाणी फिरणारे साधू-साध्वी, शाळेची मुले या सर्वांना गाड्यांच्या फटीतून वाट काढावी लागते. रात्री आग लागली तर अग्निशमनाचा बंब दुकानापर्यंत पोहोचेल का, हा विचार तर मनात आणावासाही वाटत नाही.

यावर सारे उपाय एका कुटुंबाच्या हाती नाहीत. काही मात्र निश्चित आहेत. करारापूर्वीच्या बैठकीत जुने रहिवासी, भाडेकरू, दुकानदार आणि नवे खरेदीदार यांच्या वाट्याला येणाऱ्या गाड्यांच्या जागांचा एकच तक्ता मागावा आणि तो मंजूर नकाशाशी ताडून पाहावा. आपली जागा क्रमांकासह, मापांसह आणि यांत्रिक आहे की साधी या उल्लेखासह करारात लिहून घ्यावी. यंत्र असल्यास त्याच्या देखभालीची पहिली काही वर्षे कोणाच्या खर्चाने, हे ठरवावे. घोषणापत्राचा मसुदा वकिलाकडून वाचून घ्यावा. व्यापारी बंधूंनी आपली वाहने मंडईतील आर्यन किंवा मिनर्व्हासारख्या पालिकेच्या वाहनतळात ठेवण्याचा विचार करावा. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावू लागल्याने मंडई स्थानकावर उतरून पेढीवर पायी जाणेही अनेकांना शक्य आहे.

हे सारे ठरवण्याची वेळ जुने घर रिकामे करण्यापूर्वीची असते. किल्ली विकासकाच्या हाती गेल्यावर बोलणीतले वजन उरत नाही. ताबा घेतानाही केवळ खोल्या पाहून सही करू नये. घरची गाडी नेऊन नेमून दिलेल्या जागी एकदा लावावी, चारही दारे उघडून पाहावीत आणि मगच ताबापत्रावर सही करावी.